बाहेर राहिलेल्यांचा शब्द

बाई, तू गेलीस त्याला अजून महिना व्हायचाय, आणि माय रोज विचारते, "जर्मनीत आता किती वाजले?" मी मोबाइल बघून सांगते. तिकडची वेळ काही थांबलेली नाही, तेवढी सांगायला काय जातं! मग माय म्हणते, "म्हंजे जेवली असंन." तिला सगळं ठाऊक आहे, तोंडाला फक्त सवय लागली आहे. मी तिच्या उजव्या हाताला तेल चोळायला घेते आणि विषय बदलते.

चंद्रपूरच्या हॉस्पिटलातल्या तुझ्या जुन्या मैत्रिणींनी तुझ्यासाठी शोकसभा ठेवली होती. मला म्हणाल्या, धाकटी बहीण म्हणून तूच बोल. मी हो म्हटलं आणि गेले नाही. मायजवळ कोण बसणार होतं? तिथे म्हणे तुझं शिक्षण, तुझी नोकरी, तुझा मनमिळाऊ स्वभाव असं सगळं बोलून झालं. मनमिळाऊ! तुझ्याशी कधी भांडल्याच नसतील त्या. तिथे जे बोलले नसते ते तुलाच सांगावं म्हणून ही लिहायला बसले आहे.

आधी तुझ्यावरचा राग सांगते, म्हणजे तो मधे मधे येणार नाही. येईलच म्हणा. आपलं ठरलं होतं, आधी तू, मग मी. दोघी नर्स, दोघींनी ऊर्जानगरच्या त्या एका खोलीत राहून नोकऱ्या केल्या, दोघींनी एकाच पुस्तकातून जर्मन शिकायला सुरुवात केली. मग मायला झटका आला, उजवी बाजू गेली, आणि दोघींपैकी एकीला गावी परतणं भाग पडलं. तुझा अनुभव जास्त, तुझी परीक्षा आधी पास झालेली, तुझं मोडलेलं लग्न मागे टाकून तुला कुठेतरी लांब जायचंच होतं. मी म्हटलं, जा. तीन वर्षं तू, मग तू मायजवळ आणि मी तिकडे. तू माझ्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलंस. वर म्हणालीस, "तोवर तू क्रियापदं पाठ करून ठेवजो." मी ठेवली पाठ. अजून आहेत. मायला चमच्यानं भात भरवताना मनातल्या मनात म्हणत असते, आणि ती समजते मी देवाचं काही म्हणते आहे.

मला वाटायचं, तू सुटलीस. मी मात्र पुरती अडकले. तुला माहीत आहे आपलं गाव, तीन बाजूंनी जंगल आणि चौथ्या बाजूला डांबरी रस्ता, त्यावरही दिवस कलला की कुणी एकटं जात नाही. तू जर्मनीला गेल्यापासून वाघ जास्तच जवळ आला. शेतांच्या तारांना विजेची झटका मशीन लागली, वनखात्याची जाळी लागली, आमचे आम्हीच पिंजऱ्यात बसल्यासारखे झालो आणि वाघ मोकळा. संध्याकाळी पाचनंतर दार लोटून घ्यायचं. मायला कूस बदलून द्यायची आणि तुझ्या फोनची वाट बघायची. माझ्या दिवसाला दुसरं काही नव्हतं, हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस.

आणि तू फोनवर काय सांगायचीस? शब्द! एवढ्या लांब जाऊन, एवढी थंडी सोसून, माझ्या बहिणीला सांगायला शब्द सुचायचे. तो दिवस मला नीट आठवतो. तुझ्या वृद्धाश्रमात हॉलंडची एक बाई कामाला होती, आनेके. ती रोज सायकलनं देश ओलांडून यायची. मला आधी तेच खरं वाटेना. तू म्हणालीस, मधे साधा दांडासुद्धा आडवा नाही, एक निळा फलक तेवढा आहे. तर ही आनेके चहाच्या सुट्टीत म्हणाली की रविवारी दुपारभर ती अमुक ठिकाणी बसून पुस्तक वाचत होती, आणि तुला ऐकू आलं की ती कुंपणात बसून वाचत होती.

"कल्पी, ऐक तं खरं!" तुझा आवाज असा चढलेला की मायनं पण मान वळवली. "जर्मनमंधी त्साउन म्हंजे कुंपण. अन् सायकलनं अर्धा तास गेलं का हॉलंडमंधी तोच शब्द म्हंजे बाग! अन् इंग्रजीत गेला तं टाउन! सख्खी भावंडं हायेत हे तिघं."

"मंग?" मी म्हटलं. माझ्या एका हातात बेडपॅन होतं.

"मंग काय मंग! मूळ शब्द कुंपणाचाच असंन म्हने. जर्मन लोकाइनं नुसती रेघ ठेवली. डच लोकाइनं रेघेच्या आत जे उगवते ते ठेवलं. इंग्रजाइनं आत राहनारे लोक ठेवले."

पुढच्या फोनला तू आणखी दोन भावंडं शोधून आणलीस. आइसलँडात तो शब्द घराजवळच्या खत घातलेल्या गवताच्या रानाला लावतात, जनावरांसाठी राखलेल्या. नॉर्वेत घराघरांच्या मधल्या अंगणाला. तू असं सांगत होतीस जणू आपल्याच नात्यातल्या पोरी कुठे कुठे दिल्या ते सांगते आहेस. एकीच्या नशिबी लाकडाचे खांब आले, एकीच्या फुलं, एकीच्या गाईचं गवत, आणि एक थेट शहरात पडली.

मी तुला चिडवायला म्हटलं, "याच्यासाठी इतक्या लांब जायची काय गरज होती? हिंदीवाल्याची बाड म्हंजे कुंपण. आपली वाडी म्हंजे घरामागची वांगी-मिरची. अन् कोकणात तं लोक वाडीतच राह्यते." तू जी हसत सुटलीस ती हसतच राहिलीस. "अगं बाप्पा," म्हणालीस, "हे तं मांगच्या दारी होतं!" त्या हसण्याबद्दल मी तुझी ऋणी आहे, बाई. त्या आठवड्यात मी दुसरं काही ऐकलं नव्हतं, मायचं कण्हणं आणि कुत्र्यांचं भुंकणं सोडून.

पण हसून झाल्यावर मी जे विचारलं त्याचं उत्तर तू दिलं नाहीस. मी विचारलं होतं, "रेघ एकीनं ठेवली, बाग एकीनं ठेवली, गाव एकीनं ठेवलं. जे बाहेर राह्यले त्याइचं काय? त्याइच्यासाठी कोन्त्या भाषेनं ठेवला हा शब्द?" तू म्हणालीस, "शोधतो." मग म्हणालीस, आत आणि बाहेर हे तू कुठे उभी आहेस त्यावर आहे. मी म्हटलं, मी कुठे उभी आहे ते मला चांगलं माहीत आहे, मला कुणी हलू देईल तर ना. तू म्हणालीस, कुंपण माणसंच घालतात, माणसंच सरकवतात. मी म्हटलं, बोलायला सोपं आहे तुला, तुझ्या कुंपणावरून शेळीही उडी मारेल. तू मला तुझ्या खिडकीतून व्हिडिओवर दाखवलं होतंस ना, गुडघ्याएवढं, पांढरा रंग दिलेलं.

त्यावर तू मला वॉर्डाचं दार दाखवलंस. तुझा वॉर्ड विसरभोळ्या म्हाताऱ्यांचा, दार आकडे दाबल्याशिवाय उघडत नाही. एक आजी रोज दुपारी पर्स घेऊन, टोपी घालून त्या दाराशी उभी राहायची आणि तुला म्हणायची, मला घरी सोड, माझी आई वाट बघते. ती नव्वदीची. आणि तू रोज तिचा हात धरून तिला परत फिरवायचीस. "आकडे मले येते, कल्पी," तू म्हणालीस, "पन दार उघडून मी बी कुठी जाऊ? बाहेर जाऊन खोलीवर, खोलीवरून पुन्हा इथी. कोंडूनच राह्यलो मी बी." तेव्हा मला तुझी कीव आली नाही. मला वाटलं, न येण्याचं निमित्त शोधते आहे. खरंच तसं होतं का? तीन वर्षं भरत आली तशी तू "पुढल्या वर्षी" म्हणू लागली होतीस. शेवटच्या फोनला मी सरळच विचारलं, "येनार हायेस का नाई? एक काय ते सांग." तू "सांगतो, ऐक" म्हणालीस, आणि वॉर्डातली घंटा वाजली. तू पळालीस. दोन दिवसांनी बसस्टॉपवर तुझ्या डोक्यातली नस फुटली. तू काय सांगणार होतीस, बाई? येते म्हणणार होतीस की येत नाही? दोन्ही उत्तरं मी आलटून पालटून स्वतःला देऊन बघते, आणि दोन्हींवर रडते.

आता तुझ्या येण्याचं सांगते, कारण तू आलीस तेव्हा झाकणाखाली होतीस.

तू गेलीस त्याच्या थोडं आधी यशोदाकाकूचा नवरा मोहफुलं वेचायला गेला आणि वाघानं धरला. गाव हादरलं. भुमकाकडे, गावच्या पुजाऱ्याकडे, सगळे गेले आणि ठरलं की यंदा गाव बांधायचं. कितीतरी वर्षांत बांधलं नव्हतं. आपण लहान असताना केवढी मजा वाटायची त्या दिवसाची! भुमक भल्या पहाटे गावाभोवती राख आणि हळदीच्या तांदळाची रेघ ओढत फिरायचा, चारी कोपऱ्यांत खिळे ठोकायचा, आणि रेघेची दोन टोकं जुळली की संध्याकाळपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही, कुणी आत यायचं नाही. आतलं आत, बाहेरचं बाहेर. ज्यानं रेघ तोडली त्याच्यावर पुढच्या वर्षभराचं सगळं अरिष्ट. तू रेघेला अंगठे टेकवून उभी राहायचीस आणि मला म्हणायचीस, बघ, आता मी पडले तर गाव बुडेल.

तुझे कागद तिकडे अडकले होते, म्हणून बांधणीचा दिवस धरताना कुणाच्या मनात तू नव्हतीस. आणि नेमक्या त्याच पहाटे तुझी पेटी नागपूरला उतरली. ड्रायव्हरला थांबवायला मी फोन लावत राहिले, तो जंगलातून येत होता, फोन लागला नाही. उन्हं डोक्यावर आली तेव्हा ॲम्ब्युलन्स वेशीच्या चिंचेपाशी येऊन उभी राहिली, आणि भुमकानं आतून दोन्ही हात वर केले.

"थांबा! गाव बांधलं हाये!"

ड्रायव्हर उतरला. काटोलकडचा माणूस, पोट सुटलेला, गळ्यात रुमाल. त्याला वाटलं रस्ता खराब आहे. मी पळत गेले आणि रेघेशी थांबले. बाई, त्या रेघेत काही नव्हतं गं, चिमटीभर राख आणि पिवळे तांदूळ, मुंग्या त्यातले दाणे ओढून नेत होत्या. तू माझ्यापासून खाट टाकायच्या अंतरावर होतीस. मी पाय उचलला की मी तुझ्याजवळ. पण मग संध्याकाळपर्यंत आत येता येणार नाही आणि माय घरात एकटी. आणि उद्या वाघानं पुन्हा कुणाला नेलं तर गाव मला काय म्हणेल? मी यांच्यातच राहणार आहे ना, कायमची. मी उचललेला पाय खाली ठेवला. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि एवढा रागही. घरातून मायची हाक ऐकू येत होती, "आनलं का माया पोरीले? आना ना इकडं!"

लोक जमले. कुणी म्हणालं, संध्याकाळपर्यंत राहू दे चिंचेखाली, आता तिला काय ऊन लागतंय. कुणी म्हणालं, मेलेल्याला रेघ लागत नाही. भुमक म्हणाला, ड्रायव्हरला लागते, खांदा देणाऱ्यांना लागते. त्याचंही चुकत नव्हतं. म्हातारा भुमक घामानं थबथबला होता, कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. मग एकेक करून सगळे यशोदाकाकूकडे बघायला लागले. तिच्या घरात ताजं दुःख, तिच्यासाठीच तर गाव बांधलेलं. ती मागे उभी होती, पदर तोंडाशी धरून.

"मायाकडं काऊन पाह्यता?" ती म्हणाली. "माया घरचा मानूस तं गेलाच. आता या पोरीले बी बाहेर ठेवता का? रेघ तोडू नोका ना. वाढवा."

कुणाला कळेचना. तिनं पुढे येऊन हातानं दाखवलं, इथून अशी बाहेर न्या, गाडीच्या मागून घ्या, आणि तिथे आणून जोडा. नवी जुळली की मग आतली पुसा. एक घटकाही गाव उघडं राहत नाही. भुमक म्हणाला, "बुढ्याइनं असं कधी केलं नाई. पन करू नोका असं बी कोनी सांगून नाई गेलं."

पण बाहेरून रेघ ओढणार कोण? आतल्या कुणालाच पाय बाहेर टाकता येईना. मग सगळ्यांची नजर त्या काटोलवाल्याकडे गेली. सुपात राख आणि तांदूळ घालून ते सूप बांबूनं रेघेपलीकडे ढकललं. तो बिचारा म्हणाला, "काका, मी तं बाहेरचा मानूस, मले हे येत नाई." भुमक ओरडला, "बाहेरचाच पायजे! खाली पाहून चाल, मधात तोडू नको!" आणि तो चालला, बाई, वाकून, पोट सांभाळत, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा जीभ बाहेर काढून. गाडीला पूर्ण वळसा घातला, टोक आणून जुळवणार तेवढ्यात भुमकानं कपाळावर हात मारला. गडी रेघेच्या बाहेरच उभा! "अरे तू कुठी राह्यला? तू बी आत ये ना, नाई तं गाडी कोन हाकंन?" मग त्यानं मागे जाऊन स्वतःच्या मागून पुन्हा रेघ घेतली. लोक हसले. मीही हसले. तू पेटीत आणि मी हसले. तुला हे आवडलं असतं, म्हणून सांगते आहे.

टोकं जुळली. आतली जुनी रेघ भुमकानं पानांनी पुसली, आणि तू गावात आलीस. गावाला त्या बाजूनं एक पोट सुटलं, त्यात एक चिंच, एक ॲम्ब्युलन्स आणि एक काटोलचा माणूस. त्याला यशोदाकाकूनं वरण-भात वाढला.

मायला खाटेसकट आणलं. गावातल्या वेल्डिंगवाल्यानं तुझ्या पेटीचा झाळलेला पत्रा कापला. तुझा चेहरा सुजला होता, तिकडच्यांनी केस भलत्याच बाजूला विंचरले होते. मायनं डाव्या हातानं ते सरळ करायचा प्रयत्न केला, बोटं जमेनात, मी तिच्या हातावर हात ठेवून केले. त्यानंतरचं मी लिहीत नाही.

तुझं म्हणणं खरं होतं म्हणायचं. कुंपण माणसंच सरकवतात. मी पाहिलं माझ्या डोळ्यांनी, कबूल करते. पण माझा प्रश्न जिथल्या तिथे आहे. तुला आत घ्यायला गावानं रेघ वाढवली, आणि त्याबद्दल मी जन्मभर त्या लोकांचे पाय धरीन. पण रेघ वाढली म्हणजे आतल्याला बाहेर पडता आलं असं थोडंच आहे? आतलं अंगण तेवढं मोठं झालं. आधी तू, मग मी, हे आता कुणाशी ठरवू? तुझ्या मागे माझा नंबर होता, आणि तूच मधून उठून गेलीस. मायला सोडून मी जाणार नाही, हे तुला माहीत होतं, म्हणूनच तू बिनधास्त गेलीस. एवढा विश्वास टाकायला नको होतास, बाई.

दिवस मावळायच्या जरा आधी भुमकानं खिळे उपटले आणि बांधलेलं गाव मोकळं केलं. पुरुषांनी तुला उचललं. तुला ठाऊक आहे आपल्याकडची रीत, बायांनी वेशीपर्यंत यायचं आणि तिथून मागे फिरायचं. सगळ्या फिरल्या. मीही मायच्या खाटेचा पाय धरून उभी होते, खाट घरी न्यायला कुणाला बोलवावं या विचारात. तुला घेऊन ते वळणापर्यंत पोचले होते.

मायनं माझं मनगट धरलं. मला वाटलं पाणी हवं आहे.

"जा ना तू," ती म्हणाली. "माई पोरगी एकटी चालली. मी थांबतो इथी. माई फिकर नोको करू, जा."

यशोदाकाकू खाटेच्या कडेला टेकली आणि माझ्याकडे बघून तिनं मान हलवली. मी निघाले. आधी चालत, मग पळत. तीन वर्षांत माय पहिल्यांदा मला जा म्हणाली होती, बाई, आणि जायचं होतं ते फक्त तुझ्या सरणापर्यंत.